‘नॉन-हिमोलिटिक’साठी मराठी शब्द कोणता?

प्रश्न : औषधसंशोधनावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात ‘नॉन-हिमोलिटिक’ हे विशेषण जीवाणू, त्यांची विषं आणि पेप्टाइडं (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) अशा तिघांनाही लावलंय. सगळीकडे ‘अरक्तविलयी’ चालेल का?

प्रतिसाद : ‘अरक्तविलयी’ नको. वाचणारा तो आधी ‘अरक्त’ असा तोडतो. शिवाय इथे रक्त विरघळत नाही. तांबड्या पेशीचं आवरण फुटून आतलं हिमोग्लोबिन बाहेर येतं, यालाच हिमोलिसिस म्हणतात. ‘तांबड्या पेशी न फोडणारा’ लांब आहे, पण अचूक आहे. मात्र तिन्ही ठिकाणी अर्थ एकच नाही, हे वाचकाला कळायला हवं.

जीवाणूच्या बाबतीत ही ओळखीची खूण आहे. साधारण ५ टक्के मेंढीचं रक्त घातलेल्या आगरवर (जेलीसारख्या थरावर) जीवाणू वाढवतात. वसाहतीभोवती स्वच्छ पारदर्शक कडं आलं तर बीटा हिमोलिसिस, हिरवट छटा आली तर अल्फा, काहीच बदल नाही तर गामा. म्हणजे ‘गामा हिमोलिसिस’ या नावात हिमोलिसिस असला तरी तिथे तो झालेलाच नसतो! याचं भाषांतर ‘निरुपद्रवी’ असं कृपया करू नका. एन्टरोकॉकस फीकॅलिस बऱ्याचदा याच गटात दिसतो आणि तो मूत्रमार्गाला, अगदी हृदयाच्या झडपांनाही संसर्ग करतो.

पेप्टाइडच्या बाबतीत प्रश्न मात्रेचा असतो. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन २६ अमिनो आम्लांचं. ते जीवाणू मारतं, पण तांबड्या पेशीही फोडतं. १९८७ साली आफ्रिकी बेडकाच्या कातडीत सापडलेलं मॅगेनिन २३ अमिनो आम्लांचं. जीवाणू मारणाऱ्या मात्रेत ते तांबड्या पेशींना फारसं छेडत नाही. जीवाणूच्या पटलावर (पेशीच्या आवरणावर) ऋण भार जास्त असतो, तर आपल्या पेशीची बाहेरची बाजू जवळजवळ भाररहित असते आणि तिच्यात कोलेस्टेरॉल असतं. त्यामुळे धन भाराचं पेप्टाइड आधी जीवाणूकडे ओढलं जातं. मात्रा वाढवली की हा भेद पुसट होतो. तेव्हा ‘अमुक मात्रेपर्यंत’ हे शब्द अनुवादात गाळू नका.

विषाचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. बॅसिलस सीरियसच्या एका आंत्रविषाच्या नावातच ‘नॉन-हिमोलिटिक’ आहे, कारण त्याच जीवाणूचं दुसरं विष हिमोलिटिक म्हणून आधी माहीत होतं. नॉर्वेतल्या १९९५ सालच्या अन्नविषबाधेतून हे ‘नॉन-हिमोलिटिक’ विष वेगळं काढलं गेलं. पुढे २००८ साली दिसलं की तेही पटलाला छिद्रं पाडतं आणि कित्येक सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशी फोडतं. नाव मात्र तेच राहिलं. इथे मूळ नाव देवनागरीत ठेवा आणि खुलासा जोडा. (आणि ‘टॉक्सिन’ला ‘विषाणू’ लिहू नका, तो व्हायरस.)

आणखी एक प्रतिसाद : पॅथॉलॉजी लॅबमध्ये आम्ही ‘सॅम्पल हिमोलाइज झालंय’ असंच म्हणतो. रक्त काढताना जोरात ओढलं किंवा नळी फार हलवली की पेशी फुटतात, सीरम लालसर दिसतं, पोटॅशियम खोटं वाढून येतं आणि रुग्णाला पुन्हा बोलवावं लागतं. त्यामुळे ‘हिमोलिसिस’ हा शब्द बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेला असतो. तोच ठेवावा.

प्रश्नकर्ती : पटलं. पण पेप्टाइडांचा तक्ता आहे, रकान्यात ‘तांबड्या पेशी न फोडणारं’ एवढं लांब कसं बसवू?

प्रतिसाद : रकान्याला ‘फुटलेल्या तांबड्या पेशी (टक्के)’ असं शीर्षक द्या, शेजारी मात्रेचा रकाना ठेवा आणि खाली लेखातले आकडे भरा. विशेषणाची गरजच उरणार नाही.