‘शीट मेटल फॉर्मिंग’ला मराठीत काय लिहावं?

प्रश्न: आयटीआयच्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतोय. ‘फॉर्मिंग’ला एकाने ‘रूपण’ सुचवलं, दुसऱ्याने ‘आकारण’. इथे गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यांत यातलं काहीच कानावर येत नाही. काय लिहू?

उत्तर: ‘पत्र्याचं घडणकाम’ लिहा. ओतकाम आणि कातकाम हे शब्द आपल्याकडे रुळलेले आहेत, हा त्यांच्याच पंक्तीतला. ओतकामात धातू वितळतो, कातकामात त्याचा चुरा पडतो. घडणकामात यातलं काहीच होत नाही. पत्रा वाकतो, ताणला जातो, खोलगट होतो, पण माल तेवढाच राहतो. गाडीचा दरवाजा, बसचं अंग, गॅसची टाकी, स्वयंपाकाचं पातेलं, सगळं यातूनच निघतं. सत्तरी तालुक्यात होंड्याला १९८० साली स्थापन झालेली ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा पत्र्याचे प्रेस केलेले भाग आणि बसची बॉडी बनवते. तुमची काही मुलं उद्या अशाच कामावर जातील, तेव्हा शब्द त्यांच्या जिभेवर बसला पाहिजे.

‘डाय’ला मात्र ‘साचा’ म्हणू नका. साचा म्हटलं की चवथीच्या मूर्तीचा साचा डोळ्यांसमोर येतो, ज्यात माती दाबून भरतात. पत्रा पंच, म्हणजे दाबणारा भाग, आणि डाय, म्हणजे ज्यावर तो दाबला जातो तो भाग, यांच्यामध्ये दाबला जातो. डाय हा शब्द कामगाराच्या तोंडी पक्का आहे, तोच ठेवा.

आणि एक जुना शब्द टिपणात जरूर घ्या : मठारणे. तांबट भांडं लोखंडी खुंट्यावर धरून हातोडीचे एकसारखे ठोके देत फिरवतो, ते मठारणं. आपल्याकडे न्हाणीतलं पाणी तापवायचं तांब्याचं भाण घरात असेल तर त्याच्या पोटावर बोटं फिरवून पाहा, लहान लहान पैलू लागतील. ती नुसती शोभा नाही. थंड धातू ठोकला की कडक होतो, म्हणून पातळ पत्र्याचं भांडंही दबत नाही. पुस्तकात ज्याला ‘वर्क हार्डनिंग’ म्हणतात ते या एका क्रियापदात आहे. फार ठोकलं तर तांबं चिरतं, म्हणून मध्येच त्याला लाल ताव देतात आणि मऊ करतात. तापलेलं तांबं पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं. कोयत्याला ‘पाणी दिलं’ की तो कडक होतो. मुलांची गल्लत हमखास इथे होते. दोन्हीकडे पाणी, पण परिणाम उलटा, हे ठळक लिहा.

प्रश्न: आणि ‘स्प्रिंगबॅक’? ‘परतावा’ चालेल?

उत्तर: नको. परतावा पैशांचा असतो. माझ्याबरोबर काम करणारी कोकणी पोरं म्हणायची, ‘पत्रो परत येता’. मराठीतही क्रियापदच ठेवा, ‘पत्रा परत येतो’. पत्रा वाकवला त्या जागी बाहेरचा थर ताणलेला आणि आतला दाबलेला असतो. त्यातला जो भाग कायमचा बदललेला नसतो तो दाब सुटताच मागे ओढतो आणि कोन उघडतो. सुरुवातीच्या दिवसांत मी सोळा गेजच्या, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटरच्या पत्र्याच्या पेट्या प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या यंत्रावर, बरोबर नव्वद अंशांत वाकवल्या होत्या. काटकोन तपासायचा गुण्या लावला तर फटीतून उजेड दिसला. चाळीस पेट्या, एकाचंही झाकण नीट बसेना. पुढच्या खेपेला कोन अठ्ठ्याऐंशीवर नेला, तेव्हा पत्रा परत येऊन नव्वदावर थांबला. पत्रा जितका कडक तितका जास्त परत येतो, म्हणून नवा गठ्ठा आला की आधी एक तुकडा वाकवून बघायचा.

गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हेही लिहा. बावीस गेज सोळापेक्षा जाड समजून मुलं चुकीचा माल कापतात.