मदत हवी आहे : चित्र आणि आवाज असताना मुलांची नजर अक्षरांवर कशी आणावी?

नमस्कार. मी मेळघाटातील एका जिल्हा परिषद शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. मुलांची घरची भाषा कोरकू असल्यामुळे मराठी शब्दाचा अर्थ आणि त्याचे लेखन ही दोन्ही ओझी त्यांच्यावर एकदमच पडतात. म्हणून ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरील मुक्त परवान्याच्या (कोणालाही मोफत वापरता येणाऱ्या) चित्रकथा टीव्हीवर दाखवून सोबत माझ्याच आवाजातील वाचन मी ऐकवते.

अडचण अशी की मुले मजकुराकडे पाहतच नाहीत. पानावर ‘बोकड’ लिहिलेले असले तरी चित्र पाहून ती खणखणीत आवाजात ‘शेळी’ म्हणतात, आणि गोष्ट ऐकून ऐकून तोंडपाठ झाली की वाचता येत असल्याचा आभास आणखी पक्का होतो. (तपासणीला आलेल्या साहेबांचे मात्र यावर समाधान होते.)

अहमदाबाद दूरदर्शनने १९९९ मध्ये ‘चित्रगीत’ कार्यक्रमातील गुजराती गाण्यांखाली गुजरातीतच ओळी दिल्या होत्या. त्या धर्तीवर, आवाजाबरोबर मजकूर रंगत जाईल अशा चित्रफिती करण्याचा माझा विचार आहे. ‘किती’सारख्या शब्दात ‘कि’ची ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते आणि तिचा उच्चार मात्र व्यंजनानंतर होतो, तेव्हा रंग अक्षरागणिक सरकवावा की अख्ख्या शब्दाला द्यावा? चित्र आधी दाखवावे, की वाचून झाल्यावर? शिवाय इंटरनेटशिवाय साध्या फोनवर हे काम करता येईल असे एखादे अ‍ॅप कोणी प्रत्यक्ष वापरले असल्यास कृपया सविस्तर कळवावे.