पावसाळ्यात चाकू उघडेना, क्लिप नाही, टोक नको तिथं घुसतं. काय काय बदलू?

ठिबकवाला_परभणी
राम राम मंडळी. माझ्याकडं लाकडी मुठीचा फोल्डिंग चाकू हाये, पातं साडेआठ सेंटीमीटर, साध्या कार्बन स्टीलचं, बुडाशी फिरवायची लॉक रिंग. ठिबकच्या नळ्या, खताच्या गोणीची सुतळी, दुपारी बांधावर कांदा नाहीतर मोसंबी, सगळं ह्याच्यावरच चालतं. उन्हाळ्यात अलगद उघडतो पण मृग लागला की मूठ फुगती आन् पातं असं गच्च बसतं की ओढताना नखच तुटायचं बाकी राहतं. दुसरं म्हणजे क्लिप नाही, खिशात आडवा होतो आन् गाडीवर बसलं की मांडीत रुततो. तिसरं, टोक लई अणकुचीदार, गोणी उघडताना आतल्या प्लास्टिकला भोक पाडतंय. नवा घ्यायचा नाही, हाच माझ्या हाताजोगता करायचाय. आधी कशाला हात लावू?

रंधा_पटाशी
भाऊ आत्ता लगेच खाचेत सँडपेपर घालू नका. लाकूड ओल धरून आडवं फुगतं, लांबीत फारसं नाही, म्हणून खाच आवळती. आत्ता घासून मोकळी केली तर चैत्र-वैशाखात आपल्याकडं पारा 42 वर गेला की तेच लाकूड आक्रसणार आन् पातं खुळखुळणार. आधी चाकू उघडा ठेवून आठ-दहा दिवस घरात कोरड्या जागी वाळू द्या, उन्हात नको, मूठ चिरल. मग जवसाचं तेल पातळ हातानं चोळायचं, पंधरा मिनिटांनी पुसून घ्यायचं, दोन दिवस सोडून परत. पात्याच्या खिळ्याजवळ आन् खाचेच्या आतून नीट जाऊ द्या, ओल तिथूनच शिरती. शेंगदाण्याचं, खोबऱ्याचं लावू नका, ते वाळतच नाही, चिकट राहतं आन् धूळ धरतं. करडईचं चालतं पण जवसापेक्षा हळू वाळतं. आन् हो, तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं, फडकं आपोआप पेटू शकतं. पसरून वाळवा मग फेका.

धाराशिवचा_पाहुणा
रंधाभाऊंचं तेलाचं बरोबर आहे पण तेलानं ओल थांबत नाही, फक्त हळू शिरते. तोवर माणसानं नखं तोडून घ्यायची का? आइस्क्रीमच्या काडीला 240 चा सँडपेपर गुंडाळून खाचेच्या दोन्ही गालांना, म्हणजे आतल्या बाजूंना, जरासाच हात मारायचा, पातं मीठमिरची लागल्यासारखं चरचर करत का होईना निघायला लागलं की थांबायचं. उन्हाळ्यात ढिलं झालंच तर खिळ्याचं डोकं लोखंडावर टेकवून दुसऱ्या बाजूनं हलकं ठोकायचं, बसतं घट्ट.

रंधा_पटाशी
ठोकून घट्ट होतं, जास्त ठोकलं की मूठ फुटती हे पण सांगा की राव.

लातूरची_ताई
दादा क्लिपच्या नादाला लागू नका, त्या पातळ लाकडात स्क्रू घातला की चीर ठरलेली. मोच्याकडून जाड चामड्याची उभी म्यान शिवून घ्या, मागच्या खिशात सरळ उभी राहते. आणि मुठीच्या टोकाला 4 मिमीचं भोक पाडून दोरी घाला, पण आधी चाकू मिटवून पात्याचं टोक आत कुठवर येतं ते बाहेरून पेन्सिलनं खूण करून घ्या, भोक त्याच्या पलीकडंच पाडायचं. दोरी केशरी नाहीतर पिवळी, हिरवी घेतली आणि सोयाबीनमध्ये पडला की सापडत नाही.

मोसंबी_जालना
टोकाचं काम धारवाल्याच्या मशीनवर देऊ नका. कोरड्या चाकावर पातळ टोक पटकन तापतं, निळी झाक आली म्हणजे 300 अंशांच्या आसपास गेलं, तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, धार टिकणार नाही. दगडावर पाणी टाकत हातानं घासा, पाठीकडून खाली गोल करत आणा, धारेकडून नाही. वेळ लागतो पण टोक बोथट होतं आणि मिटल्यावर बाहेर पण येत नाही. मोसंबी कापली की लगेच पुसा, काळं पडलं तर पडू द्या, तांबूस गंज मात्र ठेवू नका.

वकीलसाहेब_नाहीत
शस्त्र नियम 2016 मध्ये पातं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद असलं तर ते शस्त्रात धरतात, घरकामाची आणि शेतीची हत्यारं सोडून. तुमचा त्यात बसत नाही. पण सणावाराला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37(1) खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यात चाकू पण असतो. तेव्हा बाजारात जाताना घरी ठेवा.

ठिबकवाला_परभणी
आजपासून वाळत ठेवला, तेल लातूरहून येणाऱ्या पाहुण्याला सांगितलंय. गाल घासायचं पुढं बघू. मोची म्यानाचे दीडशे म्हणतोय, जास्त नाही ना?

लातूरची_ताई
नाही हो. त्यातच पट्ट्यात अडकवायचा लूप शिवून मागा.