घरच्या ग्रुपवरची चर्चा: 'सगळे देव एकच' म्हटलं की शोध संपतो का?

नाना काका: गणपतीला अजून वेळ आहे पण गुरुजींना आधी सांगून ठेवावं लागतं. यंदा पूजेला तू बसायचं ठरलं होतं, आता धाकटा सांगतोय की तू नको म्हणालास. काय कारण? तब्येत बरी आहे ना?

मी: तब्येत उत्तम आहे काका. फोन करणार होतो पण सगळ्यांना इथेच सांगतो, कानोकानी वेगळंच काही जायला नको. गेली काही वर्षं मी ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम धर्मांबद्दल वाचतोय, आधी मराठी बायबल वाचलं, मग ऑफिसमधल्या मित्राने कुरआनाचं मराठी भाषांतर दिलं ते वाचलं, आणि वाचता वाचता मला मनापासून पटत गेलं की हे सगळं निर्माण करणारा एकच आहे आणि त्याची मूर्ती करता येत नाही. कुठल्या धर्मात गेलो नाहीये, जायचं ठरवलेलंही नाहीये. पण प्राणप्रतिष्ठेला बसायचं आणि मनात मात्र 'आता या मूर्तीत देव आला' असं अजिबात वाटत नाही, हे मला खोटं वाटतं. निदान देवाच्या बाबतीत तरी खोटं वागू नये. पूजेला धाकट्याने बसावं. बाजार, मखर, गुरुजींची ने-आण, नारळ खवणं सगळं माझ्याकडे, आणि आरतीच्या वेळी तुमच्याबरोबर हॉलमध्ये असेनच.

नाना काका: कोणी डोक्यात भरवलं हे? सूनबाई, राग मानू नका पण तुमच्या माहेरचं कोणी बोललं का याच्याशी?

वहिनी: नाना काका, माझ्या माहेरच्या कोणी एक शब्द काढलेला नाही. मी नगरची ख्रिस्ती, या घरात येऊन इतकी वर्षं झाली, तुम्ही मला रविवारी चर्चला जायला कधी अडवलं नाहीत आणि मी पण कोणाला कधी ये म्हटलं नाही. भाऊजी वाचतायत हे मलाही आत्ताच कळतंय.

नाना काका: बरं. विचारलं ते सरळ विचारलं, मनात काही ठेवू नका.

आत्या: अरे पण एवढं करायचं काय त्यात? राम म्हणा नाहीतर रहीम म्हणा, सगळे देव एकच, रस्ते वेगळे. आपल्याकडे हे आधीपासून सांगून ठेवलंय. तू हात जोड, मनात तुझा एकच देव धर, कोण बघतंय?

मी: आत्या, हे मी पण वर्षानुवर्षं म्हणत आलो. पण ही पुस्तकं नीट वाचली की तसं म्हणता येत नाही गं. फक्त येशूचं घे. ख्रिस्ती माणूस म्हणतो तो देवाचा पुत्र, क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, आणि हे काढलं तर त्यांच्या धर्मात मागे काही राहत नाही. कुरआन त्यालाच ईसा म्हणतं, मोठा पैगंबर मानतं, मरियमच्या नावाची अख्खी सूरा म्हणजे अध्याय आहे, पण चौथ्या सूरेत स्पष्ट सांगतं की त्याला ठार मारलं नाही आणि क्रुसावरही दिलं नाही. ज्यू माणूस म्हणतो की मसीहा, म्हणजे देवाने पाठवायचा तारणहार, अजून यायचाच आहे. आता एक माणूस एका दिवशी जेरुसलेमच्या बाहेर क्रुसावर मेला तरी किंवा नाही तरी, दोन्ही एकदम कसं खरं असेल? सगळं एकच म्हणताना आपण तिघांनाही सांगतो की तुम्ही ज्याच्यासाठी जीव टाकता ती गोष्ट फारशी महत्त्वाची नाही. मला हे त्यांचा मान ठेवणं वाटत नाही, ते न ऐकताच मान डोलावणं झालं.

आत्या: आणि जीव टाकता टाकता एकमेकांचे जीव घेतले त्यांनी, ते पण वाचलंस ना? त्यापेक्षा आपलं बरं. मी गिरगावात वाढले, प्रार्थना समाज माझ्या रोजच्या रस्त्यावर. त्यांनी कुठे कोणाशी भांडण केलं? तुकारामांचे अभंग गायचे आणि एक देव मानायचे.

मी: हो, जीव घेतले आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण प्रार्थना समाजाचं तू बरं काढलंस. १८६७ मध्ये डॉ. आत्माराम पांडुरंगांनी सुरू केला, पुढे रानडे, भांडारकर आले. ते कुठे सगळं एकच म्हणत होते? त्यांची तत्त्वं चांगली कडक होती. देव एक, मूर्तिपूजा नाही, देव अवतार घेत नाही, आणि कुठलाही एक ग्रंथ देवाने लिहून पाठवलेला आणि चुकाच नसलेला असा मानायचा नाही. म्हणजे एका दमात देवळालाही नाही म्हटलं, चर्चलाही आणि मशिदीलाही. तुकोबा गायचे ते सगळं चालतं म्हणून नाही, त्यांना जे पटलं ते तुकोबांत सापडलं म्हणून. विठ्ठल रामजी शिंदे तर १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डला जाऊन धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आले आणि मग समाजाचे प्रचारक झाले. माझं आज जे काही मत आहे ते त्यांच्याच सगळ्यात जवळ आहे. अडतं एवढंच की देव खरंच माणसाशी कधी बोलला असेल तर? मग काय बोलला ते शोधायला नको का?

नाना काका: माझा मुद्दा वेगळा आहे. आपल्याकडे लोक बाटले ते दुष्काळात पोटासाठी. त्याला शोधबिध नाव देऊ नका.

मी: काका, काही जण पोटासाठी गेलेही असतील, भुकेल्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. पण पंडिता रमाबाईंचं बघा. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, पाठोपाठ बहीण गेली, मग त्या आणि भाऊ पुराणं सांगत देशभर पायी फिरले, अन्नाला महाग होते, तेव्हा काही त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. बाप्तिस्मा घेतला १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला, म्हणजे कलकत्त्याच्या पंडितांनी पदव्या दिल्यावर, पुण्यात आर्य महिला समाज काढल्यावर, शिक्षणावरच्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिल्यावर. आणि मला त्याच्या पुढचा भाग सगळ्यात मोठा वाटतो. ज्या सिस्टर्सच्या, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींच्या आश्रयाला राहत होत्या त्यांनाच पत्रं लिहून विचारत होत्या, की त्रैक्य म्हणजे एकात तीन हे बायबलमध्ये कुठे लिहिलंय ते दाखवा, येशूला देव म्हणायचं ते कशाच्या आधारावर. भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, या अर्थाचं लिहिलं त्यांनी. परका देश, पदरात लहान मुलगी, हातात पैसा नाही, आणि ज्यांच्या जिवावर राहायचं त्यांनाच हे लिहायचं. मला तर वाचून कापरं भरलं.

नाना काका: रमाबाईंची विद्वत्ता मला मान्य आहे. पण शारदा सदनात, म्हणजे त्यांनी काढलेल्या मुलींच्या शाळेत, पुढे काय झालं ते पण लिही. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहू असं सांगून मुली घेतल्या आणि मग मुली प्रार्थनेला बसायला लागल्या. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं ते उगाच नाही.

मी: बरोबर आहे, आणि तो आक्षेप हलका नाही. आईबाप विश्वासाने पोर ठेवतात तेव्हा शब्द म्हणजे शब्द. म्हणूनच मी घरात कोणाला काही सांगायला गेलो नाही. बायको रोज संध्याकाळी दिवा लावते, मुलं तिच्याबरोबर शुभंकरोती म्हणतात, त्यात मी कधी आडवा आलो नाही, येणारही नाही. मुलं मोठी झाली आणि त्यांनी विचारलं तर मला काय वाटतं ते सांगेन आणि आईला काय वाटतं ते आईला विचारा म्हणेन.

मामा: मी केव्हाचा वाचतोय सगळं. अरे तुझ्या आजोळी अलिबागला इस्रायल आळी आहे ते विसरलास? तिथल्या ज्यू लोकांच्या देवळाला सगळे मशीदच म्हणायचे, मुंबईत मस्जिद स्टेशनचं नाव पण तसल्याच देवळावरून पडलं म्हणतात, १७९६ चं आहे ते. बेने इस्रायल लोक, नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागलेले असं ते सांगतात, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद म्हणून शनिवार तेली. किहीमकर, नवगावकर, पेणकर, आडनावं आपल्यासारखीच, बोलणं मराठी, बायकांच्या हातात हिरवा चुडा. कित्येक पिढ्या त्यांच्याकडे ग्रंथ नव्हता, शिकवायला कोणी नव्हतं, पण शनिवार पाळला, सुंता पाळली आणि शेमा म्हणजे 'ऐक इस्राएला, देव एकच' ही एक प्रार्थना तोंडपाठ ठेवली. गंमत बघ, मिशनरी आले, त्यांनी शाळा काढल्या, मराठीत बायबल दिलं, हिब्रू पण शिकवलं, का तर हे ख्रिस्ती होतील. आणि हे लोक ते वाचून आणखी पक्के ज्यू झाले!

मी: मामा हे फार सुंदर लिहिलंस. ज्यूंच्यातलं मला सगळ्यात भिडलेलं सांगतो. बाराव्या शतकात मायमोनिडीज म्हणून त्यांचे मोठे पंडित होऊन गेले, स्पेनमध्ये कोर्दोब्याला जन्मले, पुढे इजिप्तमध्ये वैद्यकी केली. त्यांना ओबद्याह नावाच्या माणसाने पत्र लिहून विचारलं की मी बाहेरून ज्यू झालो, प्रार्थनेत 'आमच्या पूर्वजांच्या देवा' असं येतं, ते मी म्हणू की नको, माझे पूर्वज तर तुमच्यातले नव्हते. त्यांनी कळवलं की म्हण, जसंच्या तसं म्हण, जो या एका देवाकडे आला त्याचा बाप अब्राहामच. आणि याच ओबद्याहला त्याच्या गुरूने मूर्ख म्हटलं होतं, कारण तो म्हणाला की मुसलमान मूर्तिपूजक नाहीत. मायमोनिडीजनी त्या गुरूला दोष दिला आणि ओबद्याहच बरोबर आहे असं लिहिलं. विद्वान माणसाने एका अनोळखी नवख्याला असं जवळ घेतलेलं वाचून मला फार बरं वाटलं.

आत्या: वाचून मला पण बरं वाटलं. पण मग बेटा अडलंय कुठे? एवढं सगळं पटतंय तर कुठेतरी आत का जात नाहीस?

मी: आत्या खरं सांगतो. मुस्लिमांची तौहीद, म्हणजे देव एकच ही शिकवण, मला सगळ्यात स्वच्छ वाटते, सूरा इख्लास चार ओळींची आहे, त्यात सगळं आलं. कुरआनात इब्राहीम आधी तारा बघतो, मग चंद्र, मग सूर्य, प्रत्येकाला म्हणतो हाच माझा देव, आणि प्रत्येक मावळला की म्हणतो मावळणारे मला नकोत. तो माझाच प्रवास आहे असं वाटतं. आणखी एके ठिकाणी तो देवालाच म्हणतो मेलेल्यांना कसं उठवतोस ते दाखव, देव विचारतो तुझा विश्वास नाही का, तर तो म्हणतो आहे, पण मनाला शांतता हवी. आणि देव रागावत नाही, दाखवतो! पण मग क्रुसाची गोष्ट येते. येशूच्या नंतर काही दशकांतच लिहिणारे, ख्रिस्ती आणि रोमनसुद्धा, तो क्रुसावर गेला असं सांगतात, त्यांना बाजूला सारून सहाशे वर्षांनंतरचं कथन मान्य करायला माझं मन तयार होत नाही. आणि क्रूस मान्य केला तर त्रैक्यापाशी अडतो, कारण बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात पहिली आज्ञा कुठली असं विचारल्यावर येशू स्वतः तो शेमाच म्हणून दाखवतो, देव एकच म्हणतो. असा मधेच उभा आहे. बरं वाटत नाही यात, रात्री जाग आली की हेच डोक्यात असतं.

नाना काका: ठीक आहे. गुरुजींना धाकट्याचं नाव कळवतो. तू पाटावर बसू नको पण घरात हवास, तेवढं पुरे मला. बाकीचं मला पटलं नाहीये हे पण सांगून ठेवतो.

वहिनी: भाऊजी, आता मी बोलते. तुम्ही रमाबाईंची पत्रं सांगितलीत ती १८८५ च्या आसपासची. त्या तिथे थांबल्या नाहीत. पुढे त्यांनी स्वतः लिहिलंय की ख्रिस्ती धर्म मला मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, आणि तो मग सापडला. त्यानंतर केडगावला मुक्ती हा आश्रम उभा केला, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, १९२२ मध्ये जाईपर्यंत त्याच कामात होत्या. त्यांचे फक्त प्रश्न घेऊन त्यांना न ठरवणाऱ्यांच्या रांगेत उभं करू नका, हा त्यांच्यावर अन्याय होतो. आमच्याकडे कवी ना. वा. टिळकांची भजनं लहानपणापासून म्हणतो. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई गेल्या नाहीत, केवढं घर मोडलं, आणि काही वर्षांनी आल्या त्या स्वतःला पटलं तेव्हा. मला त्रैक्य कोणी वाद घालून शिकवलं नाही. पप्पा आजारी होते तेव्हा प्रार्थना करताना जो जवळ होता तो बाप होता, पुत्र होता आणि आत्मा पण होता, मला तीन वाटले नाहीत. हा पुरावा नाही हे मला कळतं. पण तुम्ही सगळं वाचताय, प्रार्थना कधी करता?

मी: वहिनी, अन्याय होतो हे मान्य. प्रार्थना रोज करतो. नाव कुठलं घ्यायचं कळत नाही म्हणून नाव न घेता करतो. फातिहामध्ये, म्हणजे कुरआनाच्या पहिल्या सूरेत, एक ओळ आहे, आम्हाला सरळ रस्ता दाखव, तेवढीच मागतो कारण ती कोणीही मागू शकतो. तुमच्याबरोबर बसून शुभवर्तमान पुन्हा वाचायची इच्छा आहे, वाद न घालता, फक्त जिथे अडेन तिथे विचारेन. चालेल का? मार्क झालाय माझा, योहान घेऊ की लूक?

वहिनी: लूक घ्या. रमाबाईंना आसामात सिल्चरला नवऱ्याच्या घरी सापडलेलं तेच होतं, बंगालीत. रविवारी चर्चहून आल्यावर बसू, जाऊबाईंना पण विचारा येणार का.

आत्या: मी येणारे. मला कोणी विचारलं नाही तरी.