ओटीपी दिला, म्हणजे विषय संपला?

सांगलीचा_पाऊस
अण्णा ७१ वर्षांचे. मार्चमध्ये मेसेज आला: मागचं बिल भरलेलं दिसत नाही, रात्री साडेनऊला वीज तोडणार, ‘अधिकाऱ्या’ला फोन करा. बिल भरलं होतं, पावती खिळ्याला अडकवलेली होती. तरी फोन केला, कारण फ्रिजमध्ये आईचं इन्सुलिन. समोरच्यानं ‘फक्त दहा रुपये भरा, नोंद अपडेट होईल’ म्हणत एक ॲप टाकायला लावलं. तीन वेळा मिळून १ लाख ८४ हजार गेले. बँक म्हणते, ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला होता, अर्ज निकाली. (ओटीपीच्या मेसेजमधली ‘कुणाला सांगू नका’ ही ओळ इंग्रजीत होती, ते असो.)

पैसे हवेत विरले नाहीत ना? कुठल्यातरी बँकेतल्या कुणाच्यातरी खात्यात गेले. ते खातं केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याची तपासणी करूनच उघडलंय. मग त्या बँकेला कुणी काहीच का विचारत नाही?

काउंटर_नंबर_चार
वाईट झालं. पण २६ वर्षं काउंटरवर काढलीत म्हणून स्पष्टच लिहिते. एटीएमच्या पाकिटावर पिन लिहून आणणारे रोज बघितलेत. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक सरळ आहे. चूक बँकेची, तर भुर्दंड बँकेला. तिसरीकडेच कुठे गडबड झाली आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तरी तुम्हाला तोशीस नाही. पण गुप्त माहिती स्वतःच दिलीत, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. उद्या सगळं बँकेनं भरायचं ठरलं, तर दोन मेहुणे मिळून एकमेकांना ‘फसवतील’. आणि भरपाई येणार कुठून? तुमच्या-माझ्याच ठेवींवरच्या व्याजातून.

विलायती_वांगं
इथे ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, देशातल्या देशात फसवून पैसे पाठवायला लावले तरी भरपाई मिळते, कमाल ८५ हजार पौंड. निम्मी पाठवणारी बँक भरते, निम्मी घेणारी. धागाकर्ते तेच विचारतायत. स्वतःच्या खिशाला चाट बसायला लागली, की चोरांना भाड्यानं दिलेली खाती बँकांना बरोब्बर दिसायला लागतात.

काउंटर_नंबर_चार
ढळढळीत निष्काळजीपणा असेल तर तिथेही पैसे मिळत नाहीत. हे सोयीस्कर गाळलंत.

विलायती_वांगं
गाळलं, मान्य. पण तो निष्काळजीपणा बँकेनं सिद्ध करायचा असतो, ग्राहकानं नाही.

शंकेखोर
ऑगस्ट २०१८, पुण्याची कॉसमॉस बँक. ११ आणि १३ तारखेला मिळून ९४ कोटींच्या आसपास गेले. चोरांनी बनावट स्विच (कार्डाचे व्यवहार मंजूर करणारी यंत्रणा) घुसवला, क्लोन म्हणजे नकली कार्डांना तोच ‘मंजूर’ म्हणत राहिला आणि २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघाल्या. एवढी यंत्रणा गंडली तेव्हा त्याला आपण हल्ला म्हटलं. अण्णांच्या वेळी मात्र निष्काळजीपणा?

काउंटर_नंबर_चार
तो तोटा बँकेनंच सोसला, खातेदारांनी नाही. म्हणजे उदाहरण माझ्याच बाजूचं झालं की! धागाकर्ते, तुमच्या त्या केवायसीच्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. खाती उघडायचं टार्गेट असतं, शाखेत कोण किती बघतं ते मला माहीत आहे.

बरं, १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन किती वेळात केलात? तास-दोन तासांत केला असता तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते.

सांगलीचा_पाऊस
दुसऱ्या दिवशी दुपारी. रात्रभर अण्णा कुणाशी बोललेच नाहीत. जेवलेही नाहीत. आईला वाटलं, पित्त झालं असेल.