डायर स्ट्रेट्स हा ब्रिटिश रॉक बँड पुन्हा एकत्र आला नाही हे योग्यच झालं. तुम्हाला काय वाटतं?

सहावी_तार
बँडचा गायक-गिटारवादक मार्क नॉफ्लरने १९९५ मध्ये बँड कायमचा बंद केला आणि नंतर कुणी कितीही गळ घातली तरी तो बधला नाही. मला हे पूर्ण पटतं. 'ब्रदर्स इन आर्म्स' या अल्बमच्या १९८५-८६च्या दौऱ्यात जवळपास अडीचशे कार्यक्रम झाले. १९९१-९२ मध्ये पुन्हा वर्षभराहून जास्त भटकंती. हा माणूस पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) न वापरता अंगठा आणि दोन बोटांनी तारा छेडतो. त्याच्या वादनातला सगळा जीव हलक्या-जोरकस आघातांत आहे, आणि स्टेडियमच्या गदारोळात नेमकं तेच हरवतं.

मेघना_पुणे
अजिबात नाही पटलं. बँड एकट्या मार्कचा होता का? १९७७ मध्ये लंडनच्या डेटफर्डमध्ये मार्क, त्याचा भाऊ डेव्हिड, बेसवादक जॉन इल्स्ली आणि ड्रमर पिक विदर्स अशा चौघांनी सुरुवात केली. इल्स्ली शेवटपर्यंत टिकला. २०१८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा मान मिळाला, तेव्हा नॉफ्लर बंधूंपैकी कुणीही आलं नाही. बँडची ओळख करून देणारं भाषणही इल्स्लीलाच करावं लागलं. त्याच्या इतक्या वर्षांच्या साथीचं एवढंच मोल?

लयवेडा
तुम्ही दोघं चुकीच्या वर्षावर भांडताय. हा बँड १९८२ मध्येच संपला, विदर्स बँड सोडून गेला तेव्हा. पहिले चारही अल्बम त्याच्या ड्रम्सवर उभे आहेत. 'टेलिग्राफ रोड' हे गाणं चौदा मिनिटांचं आहे, त्यात तो कधी थांबतो, कधी चढतो, ते ऐका. 'ब्रदर्स इन आर्म्स'मध्ये बहुतेक ड्रम्स ओमर हकीम या बाहेरून बोलावलेल्या वादकाचे आहेत.

सहावी_तार
@लयवेडा, म्हणजे माझंच म्हणणं झालं. माणसं बदलत गेली, बँडला जोडून ठेवणारी गोष्ट मार्कची गाणीच होती. २००५ मध्ये मुंबईत तो स्वतःच्या वादकांसह आलाच होता की! जुन्या गाण्यांसाठी जुनी पाटी कशाला हवी?

मेघना_पुणे
गाणी त्याची, मान्य. पण तो सूर चौघांनी घडवला. पहिल्या अल्बममध्ये डेव्हिडची रिदम गिटार मार्कच्या सुरावटींना पाठ देते. ती काढून तीच गाणी ऐकून बघ, मग पाटीबद्दल बोलू.