अ‍ॅकूस्टिक गिटारच्या हीलला बटन बसवणं हा वाद्याचा अपमान नाही

वसईची सहावी तार

परवा एक पोस्ट वाचली. म्हणणं असं, की अ‍ॅकूस्टिक गिटारला बुडाशी एक पिन असते तेवढी पुरे, स्ट्रॅपचं, म्हणजे गळ्यातल्या पट्ट्याचं, पुढचं टोक हेडस्टॉकला (मानेचं खुंट्यांचं टोक) नाडीने बांधावं, आणि जो हीलला, म्हणजे मान धडाला मिळते तिथल्या जाड भागाला, ड्रिल लावून पट्टा अडकवायचं दुसरं बटन बसवतो त्याला वाद्याची कदर नाही. दोन दिवस हे डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते.

मी 19 वर्षं चर्चच्या गायनमंडळात गिटार वाजवते. रविवारच्या मिस्साला तासभर आणि नाताळच्या रात्री दोन-अडीच तास, सगळं उभ्याने. मीसुद्धा आधी नाडीच बांधायचे. एका नाताळात ग्लोरियाच्या मध्यावर गाठ सुटली. डावा हात कॅपो (मानेवर तारा दाबून धरणारा चिमटा) सरकवायला निघालेला, म्हणजे मानेला हाताचा आधारच नव्हता. गिटार हेडस्टॉकवर आपटली आणि नटच्या (मानेच्या टोकाशी तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) अगदी मागे, जिथे हेडस्टॉक मागे कलतो आणि लाकडाच्या रेषा आखूड पडतात, तिथे मोडली. तुकडा तारांना लोंबत होता. ती गिटार बाबांनी घेऊन दिलेली होती.

पुढच्या गिटारला पहिल्याच आठवड्यात बटन बसवलं. हीलवर भोकातून निघाला तो चिमूटभर भुसा. तेवढ्यासाठी मला कदर नाही असं कुणी म्हणू नये. शिवाय नाडीच्या ओढीने मान वाकते ती वेगळीच.

षड्ज, पुणे

ती पोस्ट माझी होती. तुमच्या गिटारचं वाईट वाटलं, मनापासून. पण गाठ सुटली हा गाठीचा दोष, नाडीचा नाही.

आणि मान वाकते हे साफ चूक आहे. 12 ते 53 जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागात) तारांचा संच सुरात लावला, की सहा तारा मिळून मानेला 70 किलोच्या वर ओढत असतात, रात्रंदिवस. अख्खी गिटार दोन किलोच्या आसपास. तिच्या वजनाने मान वाकायची असती तर तार चढवतानाच वाकली असती.

माझ्याकडे मामांनी अमेरिकेहून आणलेली मार्टिन डी-28 आहे. तिला कारखान्याने एकच पिन दिली, मागची. ज्यांनी ती बनवली त्यांना दुसरी लावता येत नव्हती का? आपल्याकडे दसऱ्याला वाद्यावर हळदकुंकू वाहतात. तंबोऱ्याला खांद्यावर घ्यायला सोपं जावं म्हणून कुणी ड्रिल लावलेलं पाहिलंय?

रंधा, मिरज

षड्जराव, तंबोऱ्याचं नाव काढलंत म्हणून बोलतो. माझं बालपण मिरजेत वाद्यांच्या गल्लीत गेलं. तंबोऱ्याला चार खुंट्या असतात, त्या चार भोकांत बसतात. सतारीच्या दांडीला तर तरफांच्या (खालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारांच्या) खुंट्यांसाठी डझनभर भोकं एका ओळीत. ती गिरमिटाने पाडताना मी शेजारी बसून बघितलंय. दर वेळी टोक बाहेर काढायचं, भुसा फुंकायचा, पुन्हा फिरवायचं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणून वाळवून कापणारे हे लोक. लाकडाला भोक पाडणं अपवित्र मानलं असतं तर मिरजेत एक सतार झाली नसती.

षड्ज, पुणे

ती भोकं वाद्य घडतानाची, कारागिराच्या हातची. घडून झालेल्या वाद्यावर दुसऱ्याने पाडलेलं भोक वेगळं. एवढा फरक तुम्हाला कळत असेल.

रंधा, मिरज

कळतो. म्हणूनच सांगतो, घडून झालेल्या तंबोऱ्याच्या खुंट्या सैल झाल्या की तीच भोकं बुजवून पुन्हा पाडतात. तारा ज्यावर टेकतात ती घोडी बदलतात, तिची जवारी, म्हणजे वरचा पृष्ठभाग, घासतात. आजोबांच्या तंबोऱ्याची घोडी तिसरी आहे. वाद्य वापरायचं तर त्यावर हात चालणारच. आता 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळे कौतुक करायला आले. पण वर्षभर दुरुस्तीची मजुरी पाडून मागणारेही हेच लोक. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं लाखाची गिटार घेऊन येतात आणि तीनशे रुपयांवरून घासाघीस करतात. लाकडाचा मान राखायचा तर त्यावर काम करणाऱ्याचाही राखा.

पागोळी, रत्नागिरी

मजुरीचं पटलं, पण निदान तुमच्याकडे हात आहेत. आमच्याकडे गिटारला हात लावणारा माणूसच नाही. मी एका दुकानात बटन बसवायला दिली. त्याने भिंतीचं बिट लावलं, आधी बारीक भोक पाडलंच नाही, स्क्रू सरळ दाबून फिरवला. हीलला वरपासून खालपर्यंत चीर. वर म्हणतो, लाकूडच कच्चं होतं. गिटार कोकणातल्या पावसात आधीच फुगलेली, चिरेत ओल शिरून हील जोडाशी उकलायला लागली. तेव्हा सहावी तारताई, तुमचं चिमूटभर भुशाचं ऐकायला छान आहे, पण असं वाचून लोक उद्या जवळच्या हार्डवेअरवाल्याकडे जातील. त्यांच्या गिटार कोण भरून देणार?

षड्ज, पुणे

हेच तर मी म्हणत होतो!

वसईची सहावी तार

नाही, तुम्ही हे म्हणत नव्हतात. तुम्ही मला वाद्याची कदर नाही असं म्हणत होतात. पागोळी सांगतायत ते वाईट कामाबद्दल, आणि ते शंभर टक्के खरं आहे. तुमचं बोलणं माणसांबद्दल होतं, त्याचाच राग आला.

मान वाकत नाही, हे मान्य. 70 किलोचा हिशोब मी केला नव्हता. पण नाडी पहिल्या फ्रेटजवळ हाताला लागते, ट्यूनिंगच्या खुंट्यांत अडकते आणि सुटते, हे 19 वर्षं उभं राहून सांगते. तुम्ही तुमची मार्टिन उभं राहून किती वाजवता?

षड्ज, पुणे

बसून. नेहमी बसूनच. उभं राहून वाजवण्यात मला कधी रस नव्हता.

वसईची सहावी तार

मग झालं! आमच्याकडे बसून वाजवायची सोयच नसते. वारीत पखवाज गळ्यात अडकवून वीस-वीस किलोमीटर चालतात, वीणेकरी वीणा उतरवत नाही. त्यांना कुणी म्हणतं का, की पट्टा लावलात, वाद्याचा अपमान केलात?

रंधा, मिरज

आता मूळ कामावर या, नाहीतर पागोळींसारखं आणखी कुणाचं व्हायचं.

बटन हीलच्या पाठीवर, तिच्या टोकावरच्या टोपीच्या मधोमध लावाल तर गिटार पुढे कलंडते आणि तुम्हाला तारांऐवजी छत दिसतं. कडेला, खालच्या, म्हणजे बारीक तारांच्या बाजूला लावा. पट्टा हीलमागून फिरतो आणि गिटार अंगाला टेकून राहते. कटअवे (मानेजवळ धडाला दिलेली खाच) असेल तर आधी वरचे फ्रेट वाजवून बघा, तिथे बटन तळहाताला लागू शकतं. आणि मान बोल्टवर बसवलेली असेल तर हीलच्या आत लोखंड असतं. आतून आरसा आणि टॉर्च घालून बोल्ट कुठे आहेत ते बघितल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका.

साडेतीन मिलिमीटरच्या स्क्रूला अडीचचं बिट. बिटावर पंचवीस मिलिमीटरवर चिकटपट्टीची खूण, त्यापुढे जायचं नाही. पॉलिशवर आधी कागदी टेप, म्हणजे कडा उडत नाहीत. स्क्रूला मेण किंवा कोरडा साबण. पितळी स्क्रू असेल तर आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू घालून वाट करून घ्या, नाहीतर पितळेचं डोकं तुटून हातात येतं आणि दांडा आत राहतो. बटनाखाली नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) चकती. हाताने आवळा, मशिनने नको.

पागोळी, रत्नागिरी

हे चार वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर माझी गिटार वाचली असती.

षड्ज, पुणे

मार्टिनला हात लावणार नाही, ते मामांचं आहे आणि जसं आलं तसंच राहील. यावर कुणी वाद घालू नये. बाकी, कदर नाही हा शब्द जास्त झाला. तो मागे घेतो.

मुलगी कॉलेजात उभं राहून वाजवते, तिच्या गिटारला मी स्वतः नाडी बांधून दिलीये. काल रात्री ती गाठ दोनदा तपासली. तिची मान बोल्टची आहे. आरसा केवढा लागतो?

रंधा, मिरज

दाताच्या डॉक्टरकडे असतो तेवढा. तारा सैल करा म्हणजे हात आत जाईल. पहिलं भोक गिटारमध्ये नको, रद्दी सागाच्या तुकड्यात पाडा, त्याच बिटाने आणि त्याच स्क्रूने.